आधी भाषा, मग नागरिकत्व?

सीमेवरच्या डोंगरातील मुलांना आधी देशाची भाषा शिकवावी, नागरिकत्वाचे मागाहून पाहता येईल, हे मत वरवर उदार वाटते. मला ते मुळीच मान्य नाही.

थायलंडच्या चियांग राय, माए होंग सोन, ताक या म्यानमारलगतच्या प्रांतांत अखा, लाहू, करेन आदी जमातींची कितीतरी मुले कोणत्याच देशाची नागरिक नाहीत. जिथे शाळा पोहोचत नाही तिथे अनौपचारिक शिक्षणाची केंद्रे आहेत. शिक्षक गावातच राहतो. दिवसा मुलांना, रात्री प्रौढांना शिकवतो. त्याच्या कष्टांविषयी आदरच आहे. पण बहुतेक ठिकाणी तो शिकवतो ती थाई. मुलाच्या घरची भाषा फळ्यावर येत नाही. २००५ साली मंत्रिमंडळाने कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही शिक्षण खुले केले. दार उघडले खरे, पण आत गेलेला मुलगा विद्यार्थी झाला, नागरिक नव्हे. नागरिकत्व मागणाऱ्या परक्याला थाई यावी, अशी कायद्याची अट आहे. थाई आली म्हणून नागरिकत्व मिळेलच, असे मात्र नाही. जकात भरायची आणि नाक्यावरच उभे राहायचे!

२०१८ च्या जून-जुलैत थाम लुआंग गुहेत अडकलेल्या बारा मुलांपैकी तिघे आणि त्यांचे प्रशिक्षक नागरिकत्वहीन होते. ब्रिटिश पाणबुड्यांशी इंग्रजीत बोलला तो त्या तिघांतलाच एक चौदा वर्षांचा मुलगा. त्याला थाईसह अनेक भाषा येत होत्या. त्या पुण्याईवर त्याला नागरिकत्व मिळाले नव्हते. ते ऑगस्टमध्ये मिळाले, साऱ्या जगाचे कॅमेरे गुहेच्या तोंडाशी येऊन गेल्यावर.

थाईवाचून पोट कसे भरणार, हा आक्षेप रास्त आहे. पण थाई शिकवूच नका, असे कोण म्हणतो? ओमकोई भागात याच अनौपचारिक शिक्षण खात्याने प्वो करेन मुलांना त्यांची भाषा थाई लिपीतून वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. घरच्या भाषेतून थाईकडे जाणारी ही वाट इतर डोंगरांत का नसावी?

आपण बेळगावकर १९५६ पासून भाषेसाठी भांडत आलो. भांडू शकलो, कारण मतदारयादीत आपले नाव होते. त्या मुलाच्या बापाचे नाव कुठल्या यादीत आहे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये थाई मंत्रिमंडळाने सुमारे ४ लाख ८० हजार लोकांसाठी कायम वास्तव्याचा व नागरिकत्वाचा मार्ग सोपा केला. उशिरा का होईना, चांगले झाले. आता दाखला हाती आलेल्या मुलाला वर्गात त्याच्या आईच्या भाषेत बोलू देणार का, तेवढे सांगा.