आधी लॉग वाचा, फॉरमॅट नको

लग्नाचे फोटो असलेले मेमरी कार्ड रीडरमध्ये घातले, रीडर लिनक्सच्या लॅपटॉपला जोडला आणि पडद्यावर काहीच उमटले नाही, की शेजारून कोणीतरी म्हणतोच, ‘फॉरमॅट मारून बघ.’ हा सल्ला घातक आहे. फॉरमॅटने बिघडलेला रीडर सुधारत नाही की सैल वायर घट्ट होत नाही. कुठली फाइल कुठे आहे, ही नोंद मात्र पुसली जाते.

लिनक्सवर तर हा उतावळेपणा अगदीच अनाठायी, कारण घोडे कुठे अडले हे ही प्रणाली स्वतःच लॉगमध्ये लिहून ठेवते. रीडर जोडून टर्मिनलमध्ये ‘डीएमईएसजी’ ही आज्ञा द्यावी (बऱ्याच ठिकाणी तिच्याआधी ‘सुडो’ लागते). नव्या उपकरणाची एकही ओळ आली नाही, तर कार्डाला बोल लावू नये. पोर्ट, वायर, हब बदलून पाहावे. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेच्या यादीत रीडर आहे, पण ‘एलएसबीएलके’च्या यादीत कार्ड दिसतच नाही किंवा त्याचा आकार शून्य दिसतो, तेव्हा रीडर जिवंत आहे, त्याला कार्ड सापडलेले नाही. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा बसवावे. रीडरचे वयही पाहावे. साध्या एसडी कार्डांच्या काळातल्या, 2 जीबीपर्यंतच्या रीडरला नंतरची एसडीएचसी कार्डे ओळखता येत नाहीत.

फोटो दिसतात, पण नवी फाइल लिहिता येत नाही? कार्डाच्या कडेची छोटी खिट्टी पाहा. ती कुठे सरकली आहे हे रीडर ओळखतो, कार्डाला त्याचा पत्ता नसतो.

कार्ड दिसते, पण उघडत नाही, ही तक्रार वेगळी, आणि तिच्यामागचा इतिहास चीड आणणारा आहे. 32 जीबीहून मोठ्या एसडीएक्ससी कार्डांसाठी एक्सफॅट ही फाइल सिस्टीम प्रमाण ठरली. ती मायक्रोसॉफ्टची, पेटंटांच्या कुंपणातली. कंपनीने तिचे तपशील खुले केले ते ऑगस्ट 2019मध्ये. त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे 5.4 कर्नलमध्ये, पहिला, कच्चा ड्रायव्हर आला आणि 2020मध्ये 5.7 कर्नलमध्ये सॅमसंगने दिलेला ड्रायव्हर. तोवर बहुतेक लिनक्स वापरणाऱ्यांना वेगळे पॅकेज बसवावे लागे. कार्ड ठणठणीत, फोटो शाबूत, आणि वाट अडवलेली ती मालकीहक्काने! लोकांच्या आठवणी ज्या मांडणीत साठणार, ती पहिल्या दिवसापासून सर्वांसाठी खुली असायलाच हवी होती. जुन्या कर्नलच्या संगणकावर आजही हीच अडचण येऊ शकते. तिथे पॅकेज बसवावे, कार्डाला हात लावू नये.

शाळा-कॉलेजांच्या संगणक प्रयोगशाळांत मुलांना आज्ञा पाठ करायला लावतात, पण त्रुटीचा संदेश शांतपणे वाचायला क्वचितच शिकवतात. खरे तर ते पहिल्याच तासाला शिकवायला हवे. दुरुस्तीच्या दुकानांनीही फॉरमॅटआधी गिऱ्हाइकाला आत काय आहे ते विचारावे.

लॉगमध्ये ‘आय/ओ एरर’च्या ओळी लागोपाठ येऊ लागल्या, तर मात्र कार्डावर काहीही लिहू नये. ‘डीडीरेस्क्यू’ने त्याची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवावी, ‘फोटोरेक’ त्या प्रतिमेवर चालवावे आणि मिळालेल्या फायली उघडून तपासाव्यात. तोवर मूळ कार्ड वर नाव लिहिलेल्या पाकिटात घालून बाजूला ठेवावे.