आरेतला चिखल आणि सायकलींवरचा ठपका

संपादक महोदय,

पावसाळ्यात टोळीने येणाऱ्या सायकलस्वारांमुळे मुंबईतल्या आरेच्या टेकड्या झिजतात, सबब त्यांना बंदी करा, हे आपण छापलेले मत पुराव्यावर टिकत नाही. मुळात आरे म्हणजे सलग राखीव वन नव्हे. १९४९ साली वसवलेल्या या दुग्धवसाहतीच्या सुमारे ३,१६० एकरांपैकी जेमतेम ८०० एकर राखीव वन करण्याचा निर्णय २०२० मध्ये जाहीर झाला. उरलेल्या भागात तबेले, आदिवासी पाडे आणि गोरेगाव ते पवई-मरोळ अशी अखंड वाहतूक आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तुटली, ती सायकलींनी नव्हे.

झीज होतच नाही, असे मी म्हणत नाही. ओल्या उतारावर ब्रेक आवळून चाक घसरवले की चर पडतो आणि पुढच्या सरीत तोच ओहोळ होतो. पण कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणारे आणि सायकलवाले यांनी केलेल्या नुकसानीत लक्षणीय फरक आढळला नाही. तिथला पाऊस मुंबईसारखा नाही, हे खरे. म्हणूनच मुसळधार पावसानंतर मातीच्या वाटा सर्वांनाच बंद ठेवाव्यात, पायी येणाऱ्या सहलींनाही. आरेतल्या बिबट्यांचा मुद्दा गंभीर आहे, पण त्यावर उपाय पहाटे व सांजवेळी मज्जाव हा आहे, सरसकट बंदी नव्हे. पाड्यांच्या पायवाटा मात्र स्वारांनी टाळाव्यातच. त्या तिथल्या लोकांच्या रोजच्या वाटा आहेत.

आपला,
एक वाचक, गोरेगाव (पूर्व)