वेळीच मागे वळणे

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली होडी सरळ रेषेत जात नाही. पाण्याखालचे खडक चुकवीत, वळणे घेत ती जाते. म्हणून तिच्या तांडेलास कोणी भित्रा म्हणत नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक उतरले. त्यातून ‘प्रज्ञान’ ही २६ किलो वजनाची, सहा चाकांची स्वयंचलित गाडी बाहेर पडली. २७ ऑगस्टला तिच्यापुढे अवघ्या ३ मीटरांवर ४ मीटर रुंदीचे विवर आले. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून आज्ञा देऊन तिला मागे फिरविले. ती विवरात अडकली असती, तर तिला बाहेर काढावयास तेथे कोण होते? पुढे ती नव्या वाटेने चालली. तिची सारी वाटचाल १०० मीटरांहून किंचित अधिक; पण तेवढ्यात चंद्राच्या मातीत गंधक असल्याची तिने खात्री करून दिली.

मुलांनो, यंत्रास भय नसते. सावधपणा त्यास माणूसच शिकवितो. न पाहता घेतलेल्या उडीला पुष्कळ जण धाडस म्हणतात. मला ते पटत नाही. हाती घेतलेले कार्य तडीस जावे म्हणून वेळीच मागे वळणे, हेच खरे धैर्य होय.