धीर धरा, पण हप्ता भरा

जगात फुकट मिळणाऱ्या वस्तू आता फार थोड्या उरल्या आहेत. भाजीवर कोथिंबीर मिळायची, तीही गेली. उरला एक उपदेश. त्यातही 'धीर धर' हा उपदेश असा, की देणाऱ्याचा छदाम खर्च होत नाही आणि घेणाऱ्याचं दिवाळं निघतं. या धंद्याविरुद्ध आज मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे. मात्र त्याआधी एक कबुली दिली पाहिजे. गेली २२ वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मीही हाच धंदा केला. "जरा धीर धरा, सर्व्हर डाऊन आहे," हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा रामनाम घेतलं असतं, तर मला न्यायला एव्हाना बोरिवली पश्चिमेला विमान उतरलं असतं.

प्रकरण उपस्थित झालं ते माझ्या भाच्यामुळे. हा मुलुंडला राहतो. आमच्या घराण्यात बी. कॉम. आणि टक्कल या दोन गोष्टी वंशपरंपरेने चालत येतात. पहिली त्याला वेळेवर मिळाली, दुसरीची सुरुवात आहे. एका कंपनीत हिशेबाची नोकरी करता करता त्याने यूट्यूबवर चॅनेल काढलं. दर रविवारी एका उपनगराची गोष्ट. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर त्याने अकरा मिनिटं खर्च केली. सुमारे दोनशे फूट उंचीचा तो काळा खडक साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्याची हकिगत पहिल्या आठवड्यात ८३ जणांनी पाहिली. त्यांतले सात आम्ही नातेवाईक.

अशी दोन वर्षं गेली. मग घाटकोपरच्या खाऊगल्लीवरचा त्याचा मिनिटाभराचा एक तुकडा अचानक दोन लाख वेळा पाहिला गेला. पोराने सोमवारी राजीनामा दिला. मंगळवारी ताईचा फोन आला.

"तू बँकेत आहेस. त्याला समजाव."

बँकेतल्या माणसाला जग कळतं, अशी आमच्या ताईची समजूत आहे. बँकेतल्या कोणाही माणसाची ती नाही.

रविवारी निघालो. बोरिवली ते मुलुंड हे अंतर नकाशावर वीतभर दिसतं. पण मध्ये अख्खं राष्ट्रीय उद्यान आडवं पडलं आहे, आणि या वयात बिबट्याशी ओळख वाढवण्याची मला हौस नाही. तेव्हा दादरला गाडी बदलली. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता. फलाटावर पाऊण तास उभ्या उभ्या मी भाषणाची तयारी केली.

"हे बघ," मी चप्पल काढता काढता सुरुवात केली, "कला म्हणजे रिकरिंग डिपॉझिट. दर महिन्याला हप्ता भरायचा आणि पासबुकाकडे बघायचंसुद्धा नाही. पेरलेलं बी रोज उकरून कोंब आला का बघणारा शेतकरी पाहिलायस कधी? मग दर तासाला मोबाइल उघडून आकडे काय मोजतोस? धीर धर!"

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, जाहिरातींच्या पैशांत वाटा मिळायचा नियम ठाऊक आहे तुला? २०१८ पासून एक हजार सबस्क्रायबर लागतात. शिवाय लोकांनी चॅनेल चार हजार तास बघितलेलं लागतं."

"होतील की हळूहळू!"

"हळूहळू झाले तर होतच नाहीत. मागच्या बारा महिन्यांतले चार हजार. तेराव्या महिन्यात जुने तास गळतात."

"आणि ते दोन लाख?"

"छोट्या तुकड्यांचे तास त्यात धरत नाहीत. तुकड्यांवरच जायचं, तर नव्वद दिवसांत एक कोटी वेळा बघितले गेले पाहिजेत."

"हे राजीनामा देण्यापूर्वी माहीत होतं?"

"होतं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

माझ्यातला कारकून जागा झाला. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. माणूस सरासरी तीन मिनिटं थांबतो असं धरलं, तर वर्षाला ऐंशी हजार वेळा कोणीतरी यायला हवं. आणि हे कसलं रिकरिंग? गेल्या वर्षीचा हप्ता जप्त! असली योजना आमच्या शाखेत काढली असती, तर ठेवीदारांनी आम्हाला खुर्चीसकट स्वामी विवेकानंद रोडवर आणून ठेवलं असतं. बरं, या पेढ्यांचं शटर कधी खाली येईल याचाही नेम नाही. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली. बंदीची कारणं काही असोत, खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरांनी चिकाटीने जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. पासबुक हातात, आणि बँक जागेवर नाही!

बँकिंगमध्ये हार खाल्ल्यावर मी साहित्याकडे वळलो. मराठी माणसाची ही जुनी रीत आहे. म्हटलं, "अरुण कोलटकर बघ. १९७७ साली मराठी कवितासंग्रह आला, त्यानंतरच्या संग्रहांना पंचवीसहून अधिक वर्षं लागली. हूं की चूं केलं नाही. व. पु. काळे घे. नारायण सुर्वे घे."

"कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रात चित्रकार होते," भाचा म्हणाला. "वपु महानगरपालिकेत वास्तुविशारद. सुर्वे पालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक. त्यांच्या धीराचं वीजबिल पगारातून भरलं जायचं, मामा."

"तेच म्हणतोय मी! मग नोकरी का सोडलीस?"

"सकाळी सातला घर सोडायचं, रात्री साडेनऊला परत. त्यानंतर एडिटिंग. दोन वर्षं रोज चार तास झोपलो." मग जरा थांबून म्हणाला, "तुझी शाखा घरापासून चालत सात मिनिटांवर आहे."

एवढ्यात ताई पोहे घेऊन आली. मला गप्प बसायला कारण मिळालं.

वाचकहो, पोहे खाता खाता मला जे उमगलं ते असं. या बाजारात दोन प्रकारचे व्यापारी आहेत. एक, 'तीस दिवसांत लाखो प्रेक्षक मिळवा' असा वर्ग काढून फी घेणारे. त्यांचं सोडा, ते निदान फसवतात हे कळतं तरी. दुसरे आमच्यासारखे मामा. मधुरा बाचल यांनी २००९ पासून यूट्यूबवर पाककृती दाखवल्या, भाडिपाची मंडळी २०१६ पासून उभी आहेत, 'बघ, त्यांनी किती वर्षं काढली!' असं आम्ही पोह्याच्या बशीवरून सांगतो. त्यांनी काढली, हे खरंच आहे. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. पण तेवढीच चिकाटी दाखवून पाचव्या वर्षी दमून कॅमेरा विकून टाकणाऱ्याची मुलाखत कोण घेतो? गाडीत जागा मिळालेला माणूस 'गर्दी फार नव्हती' असंच सांगणार.

आणि मुंबईकर धीराचा पुतळा असतो म्हणतात, तेही अर्धसत्य आहे. फलाटावर आपण उभे राहतो, कारण डोक्यावर इंडिकेटर असतो. गाडी उशिरा येईल, पण येईल. या पोरांच्या फलाटावर इंडिकेटरच नाही. पूर्वी लेखक दिवाळी अंकाला लेख पाठवायचा, तेव्हा निदान 'साभार परत' तरी यायचं. नाही तर नाही, पण कोणी माणसाने तो वाचलेला असायचा. संपादकाचा राग आला, तर १९६९ साली नव्या लेखकांनी 'सत्यकथे'ची होळी केली. आज राग आला तर काय पेटवायचं? अल्गोरिदमला काडी लागत नाही.

"मामा, माझा कान्हेरीचा भाग पाहिलास?" भाच्याने विचारलं.

"म्हणजे काय! लाइक केलाय."

"शेवटपर्यंत?"

मी पोह्यांवर दुसऱ्यांदा लिंबू पिळू लागलो. त्याला धीर शिकवण्यासाठी मी पाऊण तास फलाटावर उभा राहिलो होतो. पण त्याची अकरा मिनिटं ऐकून घेण्याइतका धीर मला दोन वर्षांत झाला नव्हता.

तिथेच बसून पाहिलं. कान्हेरी आमच्याच बोरिवलीची. शंभराहून अधिक लेणी, आणि ती कोरण्याचं काम शतकानुशतकं चाललं. धीराचं उदाहरण म्हणून मी ती वीसेक वेळा तरी लोकांच्या तोंडावर फेकली असतील. पण भाचा कॅमेरा घेऊन शिलालेखांपाशी थांबला होता. कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याचे व्यापारी, कोणी गुहा दिली, कोणी पाण्याची टाकी दिली. आणि एक शब्द त्याने समजावून सांगितला : अक्षयनीवी. म्हणजे मुद्दल कधी मोडायचं नाही, त्याच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रं पुरवायची.

मी खुर्चीत ताठ बसलो. अहो, ही मुदत ठेव! ज्यांनी संसारावर पाणी सोडलं, धीर हाच ज्यांचा पूर्णवेळ व्यवसाय, त्यांनासुद्धा अंगावर चीवर लागायचं, आणि त्याची तजवीज कोणीतरी आधी करून ठेवायचं. अमुक गावच्या अमुक व्यापाऱ्याने 'धीर धरा' असा उपदेश दान केला, असा शिलालेख तिथे एकही नाही.

तेव्हा माझा ठराव असा. धीर हा सद्गुण आहे हे मान्य. पण तो भांडवलावर चालतो. ज्याला तो दुसऱ्याला सांगायचा असेल, त्याने पहिला हप्ता स्वतः भरावा. पैसे नसतील तर अकरा मिनिटं द्यावीत. तेही जमत नसेल, तर पोहे खाऊन गुमान घरी जावं.

भाच्याने मुलुंडमध्येच एका व्यापाऱ्याकडे अर्ध्या दिवसाची हिशेबाची नोकरी धरली आहे. पगार निम्मा, झोप दुप्पट. सबस्क्रायबर ६४०. तास अजून गळताहेत. मी शाखेत जाऊन दरमहा दोन हजार रुपये त्याच्या खात्यात वळते करण्याची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दिली. मुदत दोन वर्षं.

संध्याकाळी छाती पुढे काढून सौ.ला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चांगलं केलंत. २००९ साली मला भरतकामाचा क्लास काढायचा होता, तेव्हा तुम्ही 'धीर धर' म्हणाला होतात."

चक्रवाढीने ती रक्कम किती होते, हे काढायचं मला धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी शाखेतून आणखी एक फॉर्म घेऊन आलो.