वाइन आणि सोवळे

विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम लिनक्सवर चालवू पाहणाऱ्या माणसाकडे लिनक्सचे जुने उपासक ज्या नजरेने पाहतात, ती नजर मराठी वाचकाला अपरिचित नाही. चपला घालून थेट देवघरात शिरलेल्या पाहुण्याकडे आपल्याकडे असेच पाहिले जाते. आक्षेपाचे स्वरूपही ठरलेले आहे: मुक्त प्रणालीवर यायचे, तर मुक्त प्रोग्रामच वापरावेत, 'वाइन'च्या कुबड्या घेऊन जुने दास्य सोबत आणू नये, आणि परके प्रोग्राम आयते चालू लागले, की या प्रणालीसाठी स्वतंत्रपणे लिहिण्याचे कोणाला कारणच उरत नाही. पैकी शेवटचा मुद्दा गंभीर आहे. आधीचे दोन निव्वळ सोवळेपणाचे आहेत. प्रस्तुत लेखकाला तिन्ही अमान्य आहेत.

मुळात वाइन करते काय, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर' या तिच्या नावाच्या फोडीकडे विद्यार्थिदशेतला विनोद म्हणून दुर्लक्ष केले जाते. वस्तुतः ती नेमकी व्याख्या आहे. प्रोग्राम म्हणजे एक फिरती नाटकमंडळी आहे असे समजा. नट तिचे, संवाद तिचे. थिएटराकडून तिला हवे असतात ते दिवे, पडदे आणि ठरल्या जागी उघडणारे दरवाजे. 'ही फाइल उघड', 'ही खिडकी काढ', 'एवढी मेमरी दे' अशा मागण्या विंडोजचा प्रोग्राम विंडोजकडे ठरावीक नावांनी करतो. वाइन त्याच नावांचे दरवाजे लिनक्सच्या रंगमंचावर उभे करते आणि मागणी लिनक्सपर्यंत पोहोचवते. प्रोसेसर दोहोंकडे एकाच जातीचा असल्यामुळे नटांच्या संवादांना हात लावावा लागत नाही. म्हणजे हे भाषांतर नव्हे आणि सोंगही नव्हे. अवघड भाग वेगळाच आहे. मूळ थिएटरातला डावा दरवाजा कुरकुरत असेल आणि एखाद्या नटाने त्या कुरकुरीवरच आपला प्रवेश बेतला असेल, तर इथलाही दरवाजा तसाच कुरकुरला पाहिजे! विंडोजच्या चुकांसकट विंडोजशी जुळवून घेणे, हे ते काम.

हे काम १९९३ साली बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी सुरू केले, १९९४पासून आलेक्सांद्र ज्युलियार यांनी त्याची धुरा घेतली, आणि १.० ही आवृत्ती निघायला २००८चा जून उजाडला. पंधरा वर्षे! या काळात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत लिखाण त्यांना उपलब्ध नव्हते. इतकेच नव्हे, तर फुटलेले लिखाण ज्याने पाहिले असेल, त्याचे योगदान न स्वीकारण्याचा त्यांचा दंडक आहे. बाहेरून प्रश्न विचारायचा, विंडोज काय उत्तर देते ते टिपायचे, आणि तेच उत्तर देणारी स्वतःची रचना लिहायची, अशी ही पद्धती. याला 'नक्कल' म्हणणाऱ्याने आधी नक्कल आणि निरीक्षण यांतला भेद समजून घ्यावा. (खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१६ साली नेमके हेच उलट दिशेने केले. लिनक्सच्या प्रोग्रामांच्या मागण्या विंडोजने पुरवण्याची सोय विंडोज १०मध्ये आली. पुढे २०१९मध्ये जाहीर केलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तो नाद सोडून सरळ लिनक्सचा गाभाच आत ठेवला. सोवळे मोडल्याची हाकाटी तिकडे ऐकू आली नाही.)

आता गंभीर मुद्द्याकडे वळतो. त्याच्या पुष्ट्यर्थ नेहमी ओएस/२चा दाखला दिला जातो. आयबीएमची ही प्रणाली १९९२पासून विंडोजचे प्रोग्राम उत्तम रीतीने चालवीत असे, आणि विंडोजपेक्षा सरस विंडोज अशी तिची जाहिरातही होती. परिणामी कंपन्यांनी विंडोजसाठी एकदाच लिहिले, ओएस/२साठी लिहिलेच नाही, आणि ती मेली. हा इतिहास खोटा नाही, अर्धा आहे. आयबीएमजवळचा विंडोजचा भाग मायक्रोसॉफ्टशी झालेल्या करारातून मिळालेला होता, म्हणजे रंगमंच उसना होता. विंडोज ९५ आल्यावर नव्या ३२-बिट प्रोग्रामांसाठी त्या उसन्या रंगमंचावर जागा उरली नाही. ओएस/२ सुसंगततेपायी मेली असे म्हणताना, ती सुसंगतता दुसऱ्याच्या मर्जीवर होती आणि मध्येच तुटली, हे सांगायचे राहून जाते. वाइनचे दरवाजे तिच्या स्वतःच्या सुतारांनी घडवले आहेत. ते कोणी काढून नेऊ शकत नाही.

तरीही एक कबुली द्यायला हवी. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८मध्ये वाइनवर आधारलेले 'प्रोटॉन' आणले, त्यानंतर खेळ बनवणाऱ्या काही कंपन्यांनी लिनक्सची वेगळी आवृत्ती काढण्याचे टाळले. हे घडले आहे. प्रश्न इतकाच, की त्यात गमावले कोणी? लोकी सॉफ्टवेअर नावाची एक कंपनी १९९८ ते २००२ या काळात प्रसिद्ध खेळांच्या अस्सल लिनक्स आवृत्त्या काढीत असे. सोवळ्यात रांधलेला, अगदी शुद्ध नैवेद्य. ती कंपनी बुडाली. तिच्या आवृत्त्या आजच्या लिनक्सवर सहजी चालत नाहीत, कारण लिनक्सचा गाभा जरी जुना शब्द पाळत असला, तरी भोवतीच्या लायब्ररी दर काही वर्षांनी बदलत राहतात आणि जुन्या प्रोग्रामांच्या पायाखालची फरशी निघून जाते. त्याच काळातल्या विंडोज आवृत्त्या मात्र वाइनवर पुष्कळदा निमूटपणे चालतात. 'रॉकेट लीग' या खेळाच्या कर्त्यांनी मार्च २०२०मध्ये लिनक्स आवृत्तीचा आधार काढून घेतला, तेव्हाही लिनक्सवरच्या खेळाडूंना वाट उरली ती विंडोज आवृत्तीची आणि प्रोटॉनचीच. म्हणजे देशी ठरलेली वस्तू तिच्या कर्त्याच्या इच्छेने मेली, आणि परकी वस्तू त्याच्या इच्छेवाचून जगली! शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी याचा विचार करावा.

कारण खरा वाद शुद्धतेचा नाहीच. दरवाजांच्या नावांवर मालकी कोणाची, याचा आहे. ओरॅकल आणि गूगल यांच्यातला दावा दशकभर चालला. जावाच्या सुमारे ११,५०० ओळी गूगलने उचलल्या होत्या, त्याही नेमक्या अशा नावांच्या आणि मांडणीच्या. एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा वापर रास्त ठरवला. मात्र अशा नावांवर मुळात स्वामित्वहक्क असतो की नाही, या प्रश्नाला न्यायालयाने शिताफीने बगल दिली. हा प्रश्न उघडा असताना वाइनला दास्य म्हणणे म्हणजे, ती नावे मायक्रोसॉफ्टचीच आहेत हे लढण्यापूर्वीच मान्य करणे होय.

मराठी वाचकाने यात का पडावे? माझ्याजवळ एका बंद पडलेल्या अनियतकालिकाचे सहा अंक आहेत, फायलींच्या रूपात. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून असली, तरी नव्वदच्या दशकातली आपली डीटीपी तिच्या वाटेला गेली नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फॉण्ट, प्रत्येक कंपनीची निराळी मांडणी, असा तो कारभार; फॉण्ट काढला, की कविता म्हणजे नुसत्या स्वल्पविरामांचा आणि टिंबांचा कचरा. 'कन्व्हर्टर वापरा' असे सांगणारे हितचिंतक भेटतात. पण कन्व्हर्टरला आधी मजकूर लागतो, आणि तो ज्या फायलीत आहे, ती फक्त तिचा मूळ प्रोग्रामच उलगडू शकतो. तो प्रोग्राम विंडोज ३.१च्या काळातला, १६-बिट. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांनी असे प्रोग्राम चालवणे कधीच सोडून दिले आहे, आणि विंडोज ११ची तर ३२-बिट आवृत्तीच नाही. ज्या घरासाठी तो लिहिला गेला, त्या घरात त्याला प्रवेश नाही. लिनक्सवर, वाइनमध्ये, तो उघडला. अक्षरे थोडी दाटीवाटीने उमटली, पण उमटली. पाच अंक मी त्यातून सोडवून घेतले आहेत. हे दास्य असेल, तर ते मला पत्करले.

सहावा अंक राहिला. तो वेगळ्या प्रोग्राममध्ये जुळवला होता, आणि त्या प्रोग्रामला प्रिंटरच्या पोर्टात बसवायचे एक हार्डवेअर लॉक लागे. ते जागेवर असल्याची खात्री विंडोजच्या थेट गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरकडून करून घेतली जाई, आणि तिथवर वाइनचा हात पोहोचत नाही. विकणारी कंपनी आता नाही. लॉक माझ्या टेबलाच्या खणात आहे. ते बसेल असे पोर्ट आता घरातल्या कोणत्याच संगणकाला नाही.