तेल लावा, पण आधी रांजण घासा

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि आमची भिंत वाचायला आलेल्या आईवडिलांनो,

डास चावू नयेत म्हणून आपल्या गावात पुष्कळजण झाडपाल्याची तेले लावतात. कुणी कडुनिंबाचे तेल खोबरेलात मिसळून लावतो, कुणी निलगिरीचे, कुणी गवती चहाचे. ही पद्धत मला आवडते. पण माझे मत असे आहे की, तेल हा मदतनीस आहे, राखणदार नाही. असे का, ते मी सांगते.

आधी तेलाचे गुण सांगते. फक्त मादी डास चावते. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. आपला श्वास आणि घामाचा वास यांवरून ती आपल्याला शोधते. तेलाचा उग्र वास मध्ये आला की तिला नीट माग लागत नाही. कडुनिंब तर आपला जुना सोबती आहे. आई ज्वारीच्या कणगीत निंबाचा पाला घालते, म्हणजे किडे कमी लागतात. वडील ५ किलो लिंबोळ्यांचा चुरा रात्रभर भिजत घालतात, गाळून १०० लिटर पाणी करतात आणि पिकावर फवारतात. म्हणून झाडपाला खोटा आहे असे मी मुळीच म्हणत नाही.

आता तेलाचे दोष सांगते. तेले दोन प्रकारची असतात. निंबाचे तेल लिंबोळीतून घाण्यावर काढतात. ते जड असते. गवती चहाचे व निलगिरीचे तेल पाल्यातून वाफेवर काढतात. ते हलके असते आणि लवकर उडून जाते. तास-दोन तासांत वास गेला की डास पुन्हा हजर! आठवडी बाजारात एक माणूस छोटी बाटली दाखवून ओरडत होता, "एकदा लावा, रात्रभर डास फिरकणार नाही!" रात्र काही दोन तासांची नसते. मग हे खरे कसे मानायचे?

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गमैत्रिणीला डेंग्यू झाला. तिला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवले होते. पंधरा दिवस तिची जागा रिकामी होती. तिच्या घरी रोज संध्याकाळी सगळ्यांना तेल लावत. तरी असे का झाले? आशाताईंनी आम्हाला समजावून सांगितले. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो घाण गटारात नाही, तर आपल्या घरच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. तिच्या घरामागे जुने टायर पडले होते. त्यांत पावसाचे पाणी होते आणि पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. तेल लावायचे संध्याकाळी आणि डास चावायचा दिवसा! तिच्या घरच्यांची यात चूक नाही. त्यांना हे कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून तर मी हे भिंतीवर लिहीत आहे.

काहीजण म्हणतात, "झाडाचे आहे ना, मग अपाय कसला?" मला हे पटत नाही. बिब्बासुद्धा झाडालाच येतो, पण अंगावर उतला म्हणजे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. धोतराही झाडच आहे, पण त्याचे बी कुणी खाते का? निलगिरीचे किंवा निंबाचे तेल लहान बाळाच्या पोटात गेले तर बाळाला झटके येऊ शकतात. म्हणून बाळाच्या हातातोंडाला तेल लावू नये आणि बाटली उंच फळीवर ठेवावी. बाळाला दिवसासुद्धा मच्छरदाणीतच निजवावे. मोठ्यांनीही निव्वळ तेल न लावता खोबरेलात थोडेसे मिसळून आधी हातावर लावून बघावे. कडुनिंबाची आणि निरगुडीची धुरी गोठ्यात ठीक आहे, पण दारे लावून घरात करू नये. डोळे झोंबतात, आजीला तर खोकल्याची उबळच येते.

मग करायचे तरी काय? डासाचे घरच मोडायचे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची. रांजण नुसता ओतून चालत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी आतल्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी असली तरी कित्येक महिने जगतात. म्हणून काथ्याने घासायचा.

माझी आजी म्हणते, "अगं, चार दिवसांनी नळाला पाणी येतं, आणि तू ओतून द्यायला सांगतेस?" आजीचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून पाणी फेकायचे नाही. फडक्यातून गाळून गुरांना पाजायचे, नाहीतर परड्यातल्या झाडांना घालायचे. अळ्या कोरड्या मातीत पडल्या की मरतात. रांजणाच्या तोंडाला फडके बांधायचे. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे, ते अळ्या खातात. मासे कुठे मिळतील ते आरोग्य केंद्रात विचारले तर सांगतात. फुटके माठ, नारळाच्या करवंट्या, टायर हे उघड्यावर ठेवायचे नाही.

रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधले. डासामुळे हिवताप होतो हे माणसाला कळून सव्वाशेच्या वर वर्षे झाली. तरी आपण रांजण घासायचा आळस करतो, हे बरे नव्हे.

मित्रांनो, शनिवारी आपली सकाळची शाळा असते. दुपारी प्रत्येकाने आपल्या घरचा एक रांजण घासावा आणि घरामागे एक फेरी मारावी. पालकांनी ओझे उचलायला हात द्यावा, कारण भरलेला रांजण आमच्याने हलत नाही. मग संध्याकाळी खुशाल तेल लावा आणि मच्छरदाणीत झोपा. पुढच्या पावसाळ्यात आमच्या वर्गात एकही जागा रिकामी राहू नये, एवढेच माझे मागणे आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी