शिसपेन्सिलीत नसलेले शिसे

नातवाने शिसपेन्सिल तोंडात घातली की आजी-आजोबा लगबगीने ती काढून घेतात. पेन्सिल चघळणे वाईटच. परंतु तिच्यात शिसे नसते, ग्रॅफाइट असते. खरे शिसे त्याच खोलीत, खिडकीच्या चौकटीवर असू शकते. घर जुने, भाड्याचे आणि वर्षानुवर्षे दुरुस्तीविना राहिलेले असेल, तर विशेषच.

तैलरंग लवकर वाळावा, टिकावा आणि पिवळा, तांबडा, हिरवा या छटा खुलाव्यात म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळली जात. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वी दारे, खिडक्या, गज, कठडे यांवर चढलेल्या थरांत शिसे असण्याचा संभव आहे. ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी मुलांच्या विषबाधेचे मूळ घराच्या व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांत असल्याचे १९०४ मध्येच दाखवून दिले होते. आपल्या चाळींतील सज्जाचे कठडे आठवून पाहा. रांगते मूल उभे राहायला शिकते ते त्यांनाच धरून.

पोपडे खाल्ले तरच बाधा होते, असे मात्र नाही. खिडकी उघडता-मिटताना घासल्या गेलेल्या रंगाची धूळ जमिनीवर उतरते, तेथून मुलाच्या बोटांवर आणि बोटांवरून तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांचे शरीर साधारण दहावा भाग शोषते. लहान मुलाचे शरीर जवळजवळ निम्मा. त्याचा मेंदू अजून घडत असतो. आकलन, एकाग्रता व वागणूक यांवर होणारा परिणाम बहुधा कायमचा असतो.

लक्षणे अनेकदा नसतातच. असली तर ती भूक मंदावणे, बद्धकोष्ठता, पोटदुखी, फिकटपणा, चिडचिड अशी नेहमीच्या दुखण्यांसारखी. म्हणून निदान रक्ततपासणीनेच होते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम वा अधिक आढळल्यास उगम शोधून तो दूर करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रमाण फार वाढल्यास औषधे आहेत. परंतु मेंदूची झालेली हानी ती भरून काढत नाहीत.

दिवसभर बाळाजवळ आपणच असता, म्हणून प्रतिबंधही बराचसा आपल्याच हाती आहे. बाळाचा पाळणा व अंथरूण खिडकीपासून दूर ठेवावे. कोरड्या केरसुणीने धूळ उडते. खिडकीचा कट्टा व जमीन ओल्या फडक्याने पुसावी. जेवणापूर्वी मुलाचे हात आणि रोज त्याची खेळणी धुवावीत. उपाशीपोटी शिसे अधिक शोषले जाते, तसेच लोह व कॅल्शियम कमी असतानाही. म्हणून वेळेवर जेवण, नाचणी, डाळी, पालेभाज्या व दूध यांकडे लक्ष असावे.

सर्वाधिक धोका असतो सणापूर्वीच्या रंगकामात. जुना तैलरंग कोरडा खरवडू वा पॉलिशपेपरने घासू देऊ नये. पृष्ठभाग ओला करून, खाली प्लास्टिक अंथरून काम करवावे. साफसफाई पूर्ण होईपर्यंत मुले व गरोदर सून अन्यत्र राहिलेली बरी. काढून टाकलेल्या रंगीत चौकटीचे लाकूड बंबात मुळीच जाळू नये. धुरातूनही शिसे पसरते.

राहिला प्रश्न खर्चाचा. पागडीच्या घरांत भाडे अल्प म्हणून मालक लक्ष घालत नाही आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरू हात लावत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार घर सुस्थितीत राखण्याचे कर्तव्य मालकाचे आहे. मागणी लेखी करावी. हा वाद मिटण्यास वर्षे लागू शकतात, बाळाची वाढ तोवर थांबत नाही. तेव्हा ओले फडके आजच हाती घ्यावे.

प्रत्येक जुने घर विषारी असते असे नाही, आणि अखंड, न सुटलेला रंग फारसा त्रास देत नाही. परंतु पोपडे सुटलेले असतील, तर बाळाच्या पुढील लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांना घराचे वय आणि रंगाची अवस्था सांगावी, व रक्ततपासणी हवी का, हे विचारावे.